अंश कमी की आवाज कमी?

कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांत कूलर हा एकटाच निरक्षर. प्रोसेसर हिशेब करतो, रॅम लक्षात ठेवते, डिस्क साठवते. कूलरला यातलं काहीच येत नाही. धातूचा ठोकळा, काही नळ्या, पातळ पत्र्यांची चळत आणि एखाद-दोन पंखे, एवढाच त्याचा संसार. मशीन जुळवताना त्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि वापरताना जाणीव मात्र सगळ्यात आधी त्याचीच होते. प्रोसेसर किती गिगाहर्ट्झवर पळतोय हे बसल्या जागी कुणाला कळत नाही. पंखा सुटला की शेजारच्या खोलीतल्यालाही कळतं.

मला ते जरा जास्तच कळतं, कारण माझं काम कानाचं. मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, मग तेच रेकॉर्डिंग कापते, जोडते, साफ करते. माइक आणि कॅबिनेट एकाच खोलीत. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर आधी खोलीतल्या शांततेचा नमुना घेतं आणि मग तेवढा आवाज सगळीकडून वजा करतं. त्यामुळे एका सुरात चाललेली घरघर ते सहज काढून टाकतं. पण वाक्याच्या सुरुवातीला एक सूर, मध्येच तो चढला, पुढच्या वाक्यापर्यंत पुन्हा उतरला, असं झालं की त्याचं काही चालत नाही. नमुना एक, प्रत्यक्षातला आवाज दुसराच. तिथं जोर लावून साफ करायला गेलं की पंख्याबरोबर माझे स आणि श सुद्धा खरवडले जातात.

थोडक्यात, पंखा वाजतो ही माझी तक्रार नव्हती. तो सारखा सूर बदलतो ही होती. आणि बाजारात कूलर विकले जातात ते अंशांवर: हा त्याच्यापेक्षा दोन अंश थंड, तो याच्यापेक्षा तीन. त्या आकड्यांचा माझ्या तक्रारीशी काय संबंध, हे शोधता शोधता बरंच काही कळत गेलं.

मशीन असं होतं. आधी त्यात एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर होता, ६५ वॅटचा, आणि त्याच्याच खोक्यातून आलेला बुटका गोल कूलर. पुढे त्याच मदरबोर्डवर रायझन ७ ५८००एक्स बसवला. आठ कोअर, १०५ वॅट, आणि खोक्यात कूलर नाही. तो तुमचा तुम्ही बघून घ्या, असा कंपनीचा हिशेब. तूर्त जुनाच कूलर वर चढवला. कामं होत होती. फक्त मोठी फाइल एक्सपोर्टला लावली की तापमान ९० अंशांवर जाऊन थबकायचं. ९० ही या प्रोसेसरची मर्यादा. तिथं पोचल्यावर तो जळत नाही की बंद पडत नाही. आपला वेग उतरवतो आणि तिथंच टिकून राहतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. 'प्रोसेसर जळेल' ही भीती आता जुनी झाली. आजचे प्रोसेसर स्वतःला चांगलं सांभाळतात. खर्ची पडतो तो वेग, आणि आपले कान.

खरेदीला निघालं की पहिली गाठ पडते वॅटशी. कूलरच्या खोक्यावर 'इतक्या वॅटपर्यंत' असं छापलेलं, प्रोसेसरच्या खोक्यावर 'टीडीपी इतका', म्हणजे किती वॅट उष्णतेची सोय करायची तो आकडा. दोन आकडे जुळवले की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. एएमडीचा टीडीपी कसा निघतो ते पाहण्यासारखं आहे. २०१८ च्या रायझन ७ २७००एक्सचा हिशेब असा: प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणाचं तापमान ६१.८ अंश धरायचं, कूलरच्या पंख्यात शिरणाऱ्या हवेचं ४२ अंश धरायचं, दोघांतला फरक १९.८, आणि त्याला ०.१८९ ने भागायचं. उत्तर येतं १०४.७६. झाले १०५ वॅट.

या हिशेबात वीज कुठं आली? कुठंच नाही. ०.१८९ हा कूलरचा गुण आहे: दर वॅटमागे झाकण हवेपेक्षा ०.१८९ अंशांनी तापेल, असा कूलर लावा एवढंच तो आकडा सांगतो. प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या आपल्या खाचेतून, प्रत्यक्ष किती वीज ओढू शकतो त्याची मर्यादा वेगळी. तिला पीपीटी म्हणतात, आणि १०५ वॅटवाल्या ५८००एक्ससाठी ती १४२ वॅट आहे. पुढच्या एएम५ सॉकेटवर १७० वॅटवाले प्रोसेसर आले, त्यांची २३०. इंटेलनं २०२१ मध्ये बाराव्या पिढीपासून दोन्ही आकडे छापायला सुरुवात केली, हे बरं केलं. कोअर आय९ १२९००के वर १२५ वॅट असतात आणि त्याच्याच शेजारी २४१ वॅटही असतात. ग्राहकानं कुठल्या आकड्याकडे बघायचं हे सांगायची गरज नाही. कूलरच्या खोक्यावरच्या वॅटना तर मी आता जाहिरातीचाच भाग धरते. कुठल्या हवेत, कुठल्या प्रोसेसरवर, पंखा किती वेगानं फिरवून, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

पण त्या ०.१८९ नं मला एक सोय करून दिली. १४२ वॅटला गुणलं तर झाकण हवेपेक्षा २७ अंशांनी तापेल. समजा त्याहून बराच चांगला, ०.१२ चा कूलर आणला, तर १७ अंशांनी. दहा अंश वाचले. त्याहून भारी, ०.१० चा आणला तर १४ अंशांनी; म्हणजे आणखी तीनच. पहिल्या उडीत दहा, दुसरीत तीन, आणि दुसऱ्या उडीला आकार, वजन, खर्च सगळंच जास्त. महागड्या कूलरच्या चाचण्यांमध्ये सगळे एकमेकांना चिकटून का दिसतात ते इथं उघड होतं.

शिवाय स्क्रीनवर दिसणारा आकडा झाकणाचा नसतोच. तो आतल्या सिलिकॉनचा असतो. ५८००एक्सचे आठही कोअर सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यावर बसलेत, आणि १४२ पैकी जवळजवळ सव्वाशे वॅट त्या एवढ्याशा जागेतून बाहेर पडायचे असतात. प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे दीड वॅट. ती उष्णता सिलिकॉनमधून झाकणापर्यंत येतानाच तापमानाचा मोठा वाटा खर्च होतो, आणि त्या वाटेवर कुठलाही कूलर हात घालू शकत नाही. त्यात हा तुकडा झाकणाच्या बरोबर मध्यावर नसून एका बाजूला असतो. म्हणून मी डायरेक्ट टच प्रकारच्या, म्हणजे नळ्याच घासून सपाट करून थेट झाकणावर टेकवलेल्या कूलरच्या वाटेला गेले नाही. त्यात कडेच्या नळ्यांच्या खाली तापलेलं असं काही नसतंच, आणि नेमक्या गरम जागेवर एखाद-दोनच येतात. खाली सलग तांब्याची बैठक असली की ती आधी उष्णता पसरवते, मग सगळ्या नळ्यांना वाटते.

एकूणात स्क्रीनवरचा आकडा हा बेरजेचा आकडा. खोलीची हवा, त्यावर कॅबिनेटमधली वाढ, त्यावर कूलरची, त्यावर झाकण आणि कूलर यांच्यामध्ये लावलेल्या पेस्टची, त्यावर सिलिकॉनच्या आतली. कूलर बदलून यातली एकच रक्कम कमी होते. खोली २२ अंशांवरून ३२ वर गेली की प्रोसेसरही जवळपास दहानं वर जातो, मग वर कितीही मोठा डोलारा बसवलेला असो. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या खाली जाऊच शकत नाही. त्यामुळे ज्या चाचणीत 'खोलीपेक्षा इतके अंश जास्त' असं दिलेलं नसतं ती मी वाचायची सोडून दिली.

कॅबिनेटची रक्कम तपासायची युक्ती अगदी सोपी आहे. प्रोसेसरवर भार टाकायचा, आकडा स्थिर होऊ द्यायचा आणि मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढायचं. आकडा धाडकन दहा-बारानं उतरला तर दोष कूलरचा नाही. कॅबिनेटमध्ये हवाच खेळत नाही, आणि त्यावर इलाज पुढच्या बाजूला एखादा पंखा किंवा जाळीची साफसफाई. माझ्याकडे दोन-तीन अंशांचाच फरक पडला. म्हणजे कॅबिनेट निर्दोष, कूलर दोषी.

याच सुमारास भाचा आला. त्याचं मत ठाम असतं, विषय कुठलाही असो.

"मावशी, तू सरळ वॉटर कूलिंग घे. हवेवर काय राहतेस अजून?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे प्रोसेसरचे छोटे छोटे झटके त्यात विरून जातात, आणि माझी तक्रार तर झटक्यांचीच होती. २५० वॅटचा प्रोसेसर असता तर मी त्याचं ऐकलंही असतं. पण पाणी उष्णता गिळत नाही, फक्त वाहून नेतं. शेवटी तीही रेडिएटरमधून पंख्यानं हवेतच सोडायची. मधल्या मध्ये एक पंप वाढतो. त्याचा आपला एक बारीक सूर असतो, आणि तो पंप थांबला की सगळंच थांबतं. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा भाग एकच, पंखा. तो गेला तर चार वायरींचा दुसरा लावायचा. धातूला काही होत नाही.

"आणि हवेच्या कूलरमध्येही पाणीच असतं," मी म्हटलं.

हे त्याला पटेना. पण ते खरं आहे, आणि सगळ्या या धातूच्या संसारात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. कूलरच्या ज्या तांब्याच्या नळ्या दिसतात त्या भरीव नसतात. आत हवा काढून टाकून थोडंसं पाणी बंद केलेलं असतं आणि आतल्या भिंतींवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दाब कमी, त्यामुळे पाणी १०० अंशांची वाट बघत नाही; चाळीस-पन्नासलाही त्याची वाफ होते. वाफ गार टोकाकडे धावते, तिथं पुन्हा पाणी होते, आणि ते पाणी त्या सच्छिद्र थरातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं त्याच तत्त्वानं, गरम टोकाकडे परत येतं. पंप नाही, वीज नाही, फिरणारा भाग नाही.

भरीव तांबं का चालत नाही, हे मी कागदावर मांडून पाहिलं. सहा मिलिमीटर जाडीची, पंधरा सेंटिमीटर लांबीची तांब्याची भरीव कांडी घेतली आणि तिच्यातून वीस वॅट पलीकडे न्यायचे म्हटले, तर दोन टोकांत सुमारे २६५ अंशांचा फरक लागतो. एक टोक खोलीइतकं गार ठेवलं तर दुसरं जवळजवळ तीनशेवर. तेच वीस वॅट ही पोकळ नळी काही अंशांच्या फरकात पोचवते, आणि त्यासाठी तिच्या आत मिनिटाला जेमतेम अर्धा ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. भाच्यानं कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि गप्प बसला.

या नळीचा इतिहासही वाकडातिकडा आहे. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरनं १९४२ मध्ये रेफ्रिजरेशनच्या कामासाठी तिच्या पेटंटचा अर्ज केला, १९४४ मध्ये पेटंट मिळालं, आणि मग कुणी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा बनवली, तीही अवकाशयानातल्या उष्णतेचं काय करायचं या विचारात. आज ती बहुतेक लॅपटॉपमध्ये असते आणि कुणाला पत्ता नसतो.

आता पंखे. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा निर्णय इथंच झाला.

पंख्याचा वेग वाढवला की हवा त्याच प्रमाणात वाढते, पण आवाज फार जोरात वाढतो. ढोबळ नियमानं १५०० फेऱ्यांवरून १००० वर आणलं तर आवाज सुमारे ९ डेसिबलनं उतरतो. कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर वाढतात तीन डेसिबल. म्हणजे हजार फेऱ्यांचे दोन पंखे हे दीड हजारांच्या एका पंख्यापेक्षा सहा डेसिबलनं शांत. मोठा कूलर घ्यायचं खरं कारण माझ्या दृष्टीनं हे आहे. त्याच्या पत्र्यांचं क्षेत्र मोठं, म्हणून संथ हवाही त्याला पुरते. ते तीन-चार अंश मी तापमान उतरवण्यात खर्च करणारच नव्हते. त्यांच्या बदल्यात पंख्याचा वेग उतरवणार होते.

दोन पंख्यांत मात्र एक गोम असते. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरला की त्याचा मूळ सूर १५० हर्ट्झचा. शेजारचा १०२० नं फिरला तर त्याचा १५३. हे दोन सूर एकत्र आले की सेकंदाला तीन वेळा आवाज मोठा होतो आणि बारीक होतो. तानपुरा लावताना दोन जोडीच्या तारा जवळ आल्या पण अजून मिळाल्या नाहीत की जी लहर ऐकू येते ना, तीच. तानपुऱ्यात ती लहर हळूहळू संपते आणि तार लागते. पंख्यात ती दिवसभर चालू राहते. नॉक्टुआ या कूलर बनवणाऱ्या कंपनीनं २०२४ च्या एनएच-डी१५ जी२ मध्ये तर मुद्दामच किंचित वेगवेगळ्या वेगांचे पंखे देऊन हा प्रश्न हाताळला. ज्यांना हे ऐकू येत नाही त्यांनी या परिच्छेदाकडे दुर्लक्ष करावं, आणि कृपा करून ते ऐकायला शिकू नये.

मग माप. टॉवर कूलर, म्हणजे पत्र्यांचे उभे मनोरे, उंच असतात आणि कॅबिनेटची रुंदी ठरलेली. माझ्या कॅबिनेटमध्ये १६० मिलिमीटरपर्यंत जागा. नॉक्टुआचा २०१४ चा एनएच-डी१५ हा १६५ चा, दोन पंख्यांसह १,३२० ग्रॅमचा, तो बाद. बी क्वाएटचा डार्क रॉक प्रो ४ हाही १६३ च्या घरात, तोही बाद. वाईट वाटलं, कारण नॉक्टुआचं एक मला मनापासून पटतं: नवीन सॉकेट आलं की जुन्या कूलरसाठी बसवायचं साहित्य ते देतात, त्यामुळे २०१४ चा कूलर २०२२ च्या एएम५ सॉकेटवरही बसतो. प्रोसेसर तीनदा बदलावेत आणि कूलर तोच राहावा, हा व्यवहार मला आवडतो. पण पाच मिलिमीटरनं झाकण लागणार नसेल तर आवडीला काय करायचं. राहिला थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई: १५५ मिलिमीटर, सहा नळ्या, दोन मनोरे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे. या मंडळींची नावं मात्र सगळी रणभूमीवरची असतात. रॅमची उंचीही आधीच मोजली. पुढचा पंखा रॅमवर येतो, आणि रॅमवर शोभेचे तुरे असले की पंखा वर सरकवावा लागतो, मग १५५ चे १६५ कधी होतात कळत नाही. माझी रॅम साधी, बिनतुऱ्याची.

बसवण्याचं काम सांगण्यासारखं आहे ते जुना कूलर काढण्यापुरतंच. एएम४ च्या, म्हणजे माझ्या सॉकेटच्या, प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात आणि सॉकेटमध्ये तो वरून दाबून धरलेला नसतो. पेस्ट वाळून घट्ट झालेली असली आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही त्याला चिकटून उपटून येतो, आणि पिना वाकतात. त्यासाठी आधी मशीनवर थोडा वेळ भार टाकायचा, पेस्ट कोमट होऊ द्यायची, मशीन बंद करून वायर काढायची, चारही स्क्रू सैल करायचे. मग कूलर उचलायचा नाही. दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळायचा. सुरुवातीला तो मुळीच हलत नाही. मग एक अगदी बारीकसा चिकट आवाज होतो, कूलर झाकणावर सरकायला लागतो, आणि तेव्हाच उचलायचा. दुसरा हात मदरबोर्डच्या मागे हवा, कारण शेवटचा स्क्रू सुटला की मागची बॅकप्लेट आधाराविना खाली पडते. जुन्या पेस्टच्या कडा वाळून खडूसारख्या झाल्या होत्या, मधला भाग अजून ओला. नवी पेस्ट वाटाण्याएवढी की फुलीसारखी यावर लोक हमरीतुमरीवर येतात. दाब सगळीकडून सारखा पडला की कुठलीही पद्धत चालते, आणि भारी पेस्टनं एखाद-दोन अंशांपलीकडे काही मिळत नाही. बैठकीवरची प्लास्टिकची फिल्म मात्र काढायची.

पहिला आकडा पाहून भाचा नाराज झाला. खोलीत २८ अंश, प्रोसेसर पूर्ण भारावर, आणि स्क्रीनवर ८३. "एवढा मोठा कूलर आणि फक्त सातच अंश?" सात नव्हते ते. आधी प्रोसेसर वेग उतरवून ९० वर राहत होता. आता पूर्ण १४२ वॅट खेचून ८३ वर होता, आणि पंखे जुन्याच्या मानानं संथ. तापमान सारखं दिसलं तरी त्या तापमानात काय काम चाललंय हे बघायला हवं.

पण सूर बदलण्याची तक्रार अजून होतीच. काहीच न करता बसलेला प्रोसेसर ४० वर असायचा. ब्राउझर उघडला की क्षणात ५८, पुन्हा ४२, आणि पंखा त्याच्या मागे धावत सुटायचा. कूलर बदलूनही हे का? कारण आकडा त्या ८१ चौरस मिलिमीटरचा आहे. तेवढ्याशा सिलिकॉनचं वजन ते किती. त्याला तापायला क्षणभरही लागत नाही. वर बसलेल्या सातशे-आठशे ग्रॅम धातूचं तसं नाही. सातशे ग्रॅम ॲल्युमिनियम एका अंशानं तापवायला सुमारे ६३० ज्यूल लागतात. पन्नास वॅटचा झटका आला तर त्या धातूला एक अंश चढायला बारा-तेरा सेकंद हवेत, आणि तोवर झटका संपलेलाही असतो. अशा वेळी पंख्यानं जोरात फिरून गार काय करायचं? तापलेलं त्याच्या हाताशी काही नाहीच.

याचा इलाज कुठल्याच खोक्यात मिळत नाही. तो बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, असतो. पंख्यानं तापमान वाढल्यावर किती सेकंद थांबून वेग वाढवायचा, हे बहुतेक मदरबोर्डवर ठरवता येतं. मी तो उशीर मिळेल तेवढा वाढवला. ७० अंशांच्या खाली पंखे ७५० फेऱ्यांवर, एका रेषेत. त्यापुढे हळूहळू चढत ११०० पर्यंत. दोन्ही पंखे एकाच कनेक्टरवर न जोडता वेगवेगळे जोडले आणि एकाला शंभर फेऱ्या कमी दिल्या, म्हणजे ती लहर इतकी भरभर होते की लहर म्हणून कानाला जाणवतच नाही. शेवटी पीपीटी १४२ वरून ११० वर आणला. प्रोसेसरला शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ गाठायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो. तिथली काटछाट स्वस्त पडते. तापमान ७० च्या आसपास आलं. एक्सपोर्टला लागणारा वेळ किती वाढला हे घड्याळ लावल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

खरं सांगायचं तर पंख्याचा उशीर आणि पीपीटी ही दोन कामं जुन्या कूलरवरही करता आली असती, आणि कुणी मला विचारलं तर मी आधी तीच करायला सांगते. फुकट आहेत. ६५ वॅटच्या प्रोसेसरवाल्याला त्यानंतर कूलर बदलायची गरजच वाटणार नाही, असं बऱ्याचदा होईल. आणि वाटलीच, तर चार नळ्यांचा एक मनोरा त्याला पुष्कळ झाला.

भाच्याच्या मशीनवर रायझन ९ ७९५०एक्स आहे, १७० वॅटचा, वर तीन पंख्यांचं वॉटर कूलिंग. मध्ये त्याचा फोन आला. सगळे कोअर कामाला लावले की आकडा ९५ वर जातो आणि तिथंच राहतो. पंप गेला असेल का?

"वेग किती दिसतोय?" मी विचारलं. त्यानं सांगितला. उत्तम होता.

"मग काही गेलं नाही. ती पिढी ९५ ला जायलाच बनवलीय. कूलर भारी लावलास तरी २३० वॅटची मर्यादा येईपर्यंत प्रोसेसर उरलेल्या जागेत आणखी वीज ओढतो आणि ९५ वरच बसतो."

"मग मी एवढा मोठा रेडिएटर लावून मिळवलं काय?"

"वेग मिळवलास. अंश हवे असतील तर बायोसमध्ये ईको मोड शोध, कमी विजेवर चालवणारा, १०५ वॅटवाला."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला: स्क्रीनचा फोटो, आकडा भरपूर खाली, आणि खाली लिहिलेलं, "आता रेडिएटरचे दोन पंखे काढून टाकू का?" मी लिहिलं, काढू नकोस, हळू कर.